बारा प्रतींतले डोळे

काकूंचा फोन आला की मी आधी उभी राहते आणि मग उचलते. पन्नाशी आली, केस रंगवायचे सोडून दिले, घरात जावई आले, तरी उभी राहते. परवा सकाळी उभ्याउभ्या एवढंच ऐकलं, "येऊन जा गो. एकटी ये." आणि फोन बंद. 'एकटी ये' हे दोन शब्द घोळवत, हातातला चहा निवेपर्यंत उभीच राहिले.

तसा घाबरणं हा माझा जुना छंद. लहानपणी मी रहाटाच्या विहिरीत वाकून स्वतःलाच हाक मारायची, खालून उत्तर आलं की किंचाळत घरात पळायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा विहिरीवर हजर. आई म्हणायची, "हिला भीती वाटत नाय, हिला भीती आवडते." खरंच होतं ते. फणसाच्या ढोलीतलं घुबड, कोर्टातल्या बेलिफाच्या मिशा, जोगेश्वरीच्या देवळातली पोकळ आवाजाची घंटा, या सगळ्यांना मी हौसेनं घाबरले. पण मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, घाबरते ती हौस नव्हे. मास्तरांचा डावा डोळा माझ्यामुळे गेला, असं मी पंचवीस वर्षं धरून चालले आहे. काकूंनी तसं तोंडानं कधी म्हटलं नाही. म्हणूनच तर.

रत्नागिरीत मांडवीच्या उतारावर रिक्षा सोडली आणि चालत निघाले. चालत गेलं की पोचायला उशीर होतो. दगडी गडग्यावर जाळी वाळत पडली होती, कुठेतरी सुक्या मासळीचा दरवळ होता, त्यात लाँचच्या डिझेलचा वास मिसळला होता. समुद्र होता तिथेच होता, काळ्या वाळूवर पुन्हा पुन्हा तेच गिरवत. वळणावर मास्तरांची शाळा दिसली आणि पाय आपोआप मंदावले.

मास्तर म्हणजे पाढे शिकवणारे नव्हेत. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात, आणि ती चालवणाऱ्याला मास्तर. पत्र्याची लांबट शेड, शेजारी काकूंचं कौलारू घर, मध्ये तगरीचं झाड. मास्तर दिवाळीनंतर गेले. शेडला तेव्हापासून कुलूप आहे. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं, तेव्हा फळ्यांच्या फटीला नाक लावलं. शाडूच्या मातीचा वास कुलपाला जुमानत नाही. ओल्या गोणपाटाचा, सरसाचा, भिजत घातलेल्या डिंकाचा वास, सगळे आत एकमेकांना धरून बसले होते, मास्तर येतील म्हणून.

मी दहा वर्षांची असल्यापासून तिथे पडीक असायची. पहिली दोन वर्षं माती मळली. मग सोंडेवरची चीर बुजवायला मिळाली, मग पितांबर रंगवायला, मग दागिने. डोळे मात्र मास्तरच करायचे. त्याला आखणी म्हणतात. आखणीच्या दिवशी शाळेतला ट्रान्झिस्टर बंद व्हायचा. मास्तर डावा डोळा मिटायचे, श्वास धरायचे, आणि उजव्या हाताची करंगळी देवाच्या गालावर टेकवून पापणीची रेघ ओढायचे. ते श्वास धरायचे म्हणून आम्हीही धरायचो. पत्र्यावर पावसाची टपटप, वाटीत ब्रश बुडवल्याचा बारीक 'डुब्', आणि मग मातीच्या ढिगातून एकदम कोणीतरी आपल्याकडे बघायला लागलेलं! मी दर वेळी दचकायची. दर वेळी मला ते आवडायचं.

मास्तरांचे नियम होते. ब्रश केसांवर उभा करायचा नाही. डोळे करताना हसायचं नाही. आणि तिसरा नियम असा, की जिवंत माणसाचं चित्र काढताना त्याचे डोळे मिटायचे नाहीत.

"मग झोपलेला माणूस कसा काढायचा?" मी विचारलं होतं.

"पाठमोरा झोपव त्याला. पाठीला झोप दिसते."

"आणि पाठीला नाही दिसली तर?"

"तर तुला पाठ काढता येत नाही. जा, माती मळ."

चोविसाव्या वर्षी मला काम मिळालं ते गणपतीचं नव्हे. मुंबईच्या एका साप्ताहिकात शेवटच्या आतल्या पानावर 'काय सांगता!' नावाचं सदर असायचं. जगभरातल्या चमत्कारिक बातम्या, प्रत्येक चार ओळींची, आणि दर आठवड्याला एका बातमीला चित्र. ते चित्र माझं. संपादक खालच्या बिऱ्हाडातल्या फोनवर बातमी वाचून दाखवायचे. तो फोन वाजला की खालच्या काकी जिन्याखालून ओरडायच्या, "मुंबई आली गो!" आणि मी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकदा मरत खाली उतरायची.

"माकडाने शाळेची घंटा वाजवून पोरं घरी पाठवली," संपादक म्हणायचे. किंवा, "नवरदेव घोड्यावरून पळाला, घोडा एकटा मांडवात पोचला." किंवा, "परदेशात एका आजीने चोराला लोणच्याची बरणी फेकून मारली. बरणी मोठी दाखवा." खटकन फोन बंद. फोटो नाही, कागद नाही. घटना त्यांची, चेहरे माझे. आणि चेहरे मी आणणार कुठून? खिडकीतून दिसणारे. त्यामुळे माकडानं सोडलेल्या शाळेचे हेडमास्तर म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. लोणचंवाली परदेशी आजी म्हणजे डोक्यावर टोपी घातलेल्या खालच्या काकी. घोड्याला मी माझ्या आत्याचा चेहरा दिला होता. ती दोन महिने आमच्याकडे जेवली नाही.

चित्र साडेचारच्या मुंबईच्या गाडीनं जायचं. पुठ्ठ्यात घातलेलं पाकीट कंडक्टरच्या हातात ठेवायचं आणि गाडी वळेपर्यंत स्टँडवर उभं राहायचं. आठवड्यानं अंक यायचा. स्टँडवरच्या दामूअण्णांच्या दुकानात चिमट्याला टांगलेला तो अंक, नव्या छपाईचा रॉकेलसारखा वास, शेवटच्या आतल्या पानावर आपली रेघ. मी लांबूनच बघायची. जवळ गेलं तर ती रेघ माझी नाही असं कळेल, असं वाटायचं. आता मी काचेच्या पाटीवर काढते. रेघ चुकली की बोटानं मागे जाता येतं. बायका म्हणतात, किती सोपं झालं. झालं खरं. पण गाडी सुटायची भीती गेली आणि तिच्याबरोबर रेघेतला जीवही थोडा गेला, असं कधीकधी वाटतं.

त्या आषाढात एका दुपारी दोनला मुंबई आली.

"तिरडीवरचा म्हातारा उठून बसला आणि चहा मागितला," संपादक म्हणाले. "पण उठलेला नको. उठायच्या आधीचा दाखवा. वाचकाला वाटलं पाहिजे, गेला. आजच्या गाडीला द्या."

मी बसले. बाहेर पाऊस, आत कागद ओला, शाई वाळेना. बांबू काढले, फुलं काढली, नाकात कापूस काढला. चेहऱ्याला हात घातला तेव्हा साडेतीन झाले होते. ज्याचा चेहरा घेतला तो मी घेतला नाही, हातानं घेतला. चौदा वर्षं ज्या नाकाखाली बसले ते नाक हाताला पाठ होतं. कानातले केस, हनुवटीवरची खळी, जरासं उघडं तोंड. आणि वर दोन रेघा, मिटलेल्या. शाई वाळवायला कागद हातात धरून हलवत होते, तेव्हा मला दिसलं की तिरडीवर मास्तर आहेत.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पाकीट चिकटवलं.

अंक आला त्या दिवशी मांडवी हसत होती. न्हाव्याकडे हसू, चहाच्या दुकानात हसू. मास्तरांच्या शाळेत मी भीतभीत शिरले तर ते अंक नाकाशी धरून बसलेले. "नाक झकास आलंय," म्हणाले. "कापूससुद्धा बरोबर बसलाय." मग अंक खाली ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "पण माझे डोळे कोणी मिटले?"

"गाडी सुटत होती, मास्तर."

"बरं, बरं. घाबरतेस काय एवढी? मी उठून चहा मागणार आहे ना पुढे?" आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, चहा टाक! मेलेला माणूस मागतोय!"

आतून काकूंचा आवाज आला नाही. कप मात्र आले. ठेवताना बशी वाजली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पंधरा दिवसांनी मास्तर म्हणाले, "शाळेत धुकं कुठून आलं?"

श्रावण लागला तेव्हा ते ब्रश वाटीत बुडवायचे आणि वाटी भलतीकडेच असायची. शेडमध्ये रंगवून झालेले गणपती ओळीनं उभे, किरीट, सोंड, दागिने सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत माती. इतके देव, आणि एकालाही दिसत नव्हतं. मी दारातूनच परत फिरायची. इथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. आठवड्यानंतरची वेळ मिळाली. तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी काकू मला देवळात घेऊन गेल्या. कौल लावायला.

ज्यांनी कौल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. देवीच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मोठ्यानं देवीपुढे मांडतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मधे काहीच घडत नाही. त्या काहीच न घडण्यात माणूस म्हातारा होतो.

दुपारची वेळ, गाभाऱ्यात समईच्या तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. गुरव भाऊंनी हात जोडले. "बा आई महाराजा, ही तुझी लेक पदर पसरून उभी हाय. हिच्या घरधन्याच्या डोळ्यांवर पडदा आलाय. तो ह्या पोरीच्या चित्रानं आला असला, तर उजवा देऊन मोकळी हो."

"होय महाराजा," काकू म्हणाल्या.

पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमत होता. मी त्या थेंबाकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, डावी, डावी, डावी. बाहेर कोणीतरी नारळ फोडला. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. आवाज झाला नाही, पण मी कान झाकले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "उपाय विचारा, भाऊ," म्हणाल्या.

दुसऱ्या प्रश्नाला पाकळी लवकर पडली. मिटलेले डोळे हिनं स्वहस्ते उघडावे. उजवी.

"पण अंक सगळ्या महाराष्ट्रात गेलाय!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "नागपूरला कशी जाऊ मी?"

गुरव भाऊ गालात हसले. "नागपूरचं नागपूरचा देव बघेल. आपल्या आईची हद्द आपल्या शिवेपर्यंत. रत्नागिरीत जेवढे उतरले तेवढे तुझे. मग ते पुढे कुठंही जाऊदेत."

दामूअण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बारा येतात. बाराच्या बारा गेल्या. मिटल्या डोळ्यांचा अंक एवढा खपेल असं वाटलं नव्हतं. आणखी काढ अशी चित्रं."

आणि मग, वाचकहो, मी निघाले. डाव्या हातात पांढऱ्या रंगाची डबी, उजव्या हातात दोन नंबरचा ब्रश, काखेत शाईची बाटली, डोक्यावर छत्री, आणि घरोघरी जाऊन एकच वाक्य, "जरा अंक देता का? मास्तरांचे डोळे उघडायचेत." हसू नका. हसा खरं तर. मीही आता हसते. तेव्हा मात्र दर दारात आधी पळायची वाट बघून ठेवत होते.

न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेसासकट माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं. "जरा माझ्याकडे बघायला लाव त्यांना," ते म्हणालं. वाचनालयात ग्रंथपालांनी चष्मा काढला. "वाचनालयाच्या प्रतीवर खुणा करायला मनाई आहे."

"खुणा नाहीत हो, डोळे आहेत."

"माकडवाल्या शाळेचा हेडमास्तर तूच मला केला होतास ना?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग अंक पुढे सरकवला आणि दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघितलेलं नाही. लवकर आटप. मास्तर मिरजेला कधी निघतात?"

पण स्वस्त कागदावर शाई फुटते. आधी मिटल्या रेघेवर पांढरा ठिपका, तो वाळला की त्यावर काळं बुबुळ, आणि बुबुळ काही जागेवर बसेना. कोर्टाच्या कारकुनांच्या प्रतीत मास्तर चकणे झाले. चहाच्या दुकानातल्या प्रतीत संतापलेले. दवाखान्यातल्या प्रतीत तर भूत बघितल्यासारखे. बाकी सगळं तसंच होतं, बांबू, फुलं, नाकात कापूस. आधी तिरडीवर मेलेला माणूस होता. आता मेलेला माणूस बघत होता. मांडवीतलं हसू थांबलं. न्हाव्यानं तो अंक उलटा करून ठेवला.

चार दिवसांत अकरा प्रती झाल्या. बारावीचा पत्ता लागेना. दामूअण्णांनी डोकं खाजवून आठवलं, "पहिलीच विक्री होती. बाई होती कोणीतरी. छत्रीआड तोंड नीट दिसलं नाही. देवरूखच्या गाडीला उभी होती बहुतेक."

मी देवरूखला गेले. श्रावणातल्या देवरुखात छत्रीवाली बाई शोधायला! बाजारात, देवळापाशी, कॉलेजच्या फाटकात, जिथे बघावं तिथे छत्र्या, आणि प्रत्येकीखाली एक बाई. चौघींनी मला वेडी ठरवलं, एकीनं बसवून कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. ती साप्ताहिक वाचायची, पण तिचा अंक टपालानं यायचा. परतीच्या गाडीत काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बाहेर डोंगर असतील, दऱ्या असतील, काही दिसत नव्हतं. मास्तरांना असंच दिसत असणार, असं मनात आलं, आणि रत्नागिरी येईपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. मिटायची भीती वाटत होती.

संध्याकाळी दिवेलागणीला काकूंकडे गेले. पहाटे त्यांची मिरजेची गाडी होती. काकू ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या.

"अकरा झाल्या, काकू."

"बारावी?"

"नाही मिळाली."

त्यांनी वर बघितलं नाही. सुपाचा आवाज थांबला नाही, चुकलाही नाही. "बरं," म्हणाल्या.

त्या 'बरं'ला मी पंचवीस वर्षं घाबरते आहे.

मिरजेहून ते दोघं परतले तेव्हा गणपतीला बारा दिवस होते. उजवा डोळा राहिला. डावा गेला. मी शेडच्या दाराशी उभी राहून रडत होते, तर आतून मास्तरांचा आवाज, "रडतेस कशाला? आखणीला एकच डोळा लागतो. दुसरा मिटायचे कष्ट वाचले!" आणि खरंच, त्या वर्षी सगळे देव बघायला लागले. मी वाटी धरून शेजारी बसले होते. पण प्रत्येक मूर्ती डोळे उघडून आधी माझ्याकडेच बघायची, असं मला वाटत राहिलं.

पुढे ते साप्ताहिक बंद पडलं, मी लग्न करून जवळच्या नाचणे गावात राहायला गेले, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागले. एकाही पुस्तकात मी कोणाचे डोळे मिटले नाहीत. माझ्या चित्रातली झोपलेली मुलं, मांजरं, वाघ, सगळी पाठमोरी आहेत. दर संक्रांतीला काकूंकडे वाण घेऊन जायची. त्या तिळाची वडी हातावर ठेवायच्या, मुलींची चौकशी करायच्या, पण नजर कधी माझ्या चेहऱ्यावर टिकायची नाही. कपाळापर्यंत यायची आणि खाली घसरायची. मला कळायचं. ज्या बाईनं आपल्या माणसाचा डोळा घालवला तिच्याकडे कसं बघावं माणसानं?

तर परवा मी फटीवरचं नाक काढलं आणि घरात गेले.

काकू झोपाळ्यावर होत्या. पाय आता जमिनीला पोचत नाहीत, इतक्या लहान झाल्यात. "बस," म्हणाल्या. मग स्वतःच उठल्या, आतल्या लोखंडी कपाटाचं दार करकरलं, आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात साडीच्या घडीएवढं काहीतरी. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

पान आधीच उघडून दुमडलेलं होतं. कागद पिवळा, कडा चहात बुडवल्यासारख्या. बांबू, फुलं, नाकात कापूस. आणि डोळे मिटलेले.

मी पानावर वाकले.

"ही... ही कुठे मिळाली?"

"मिळायला काय? माझीच. दामूच्या दुकानातनं पहिली मीच घेतली. माहेरी चालले होते देवरूखला, गाडी यायची होती. ह्यांचं नाक दिसलं चिमट्याला टांगलेलं. अंक घेतला आणि तशीच घरी फिरले."

"म्हणजे देवरूखची बाई..."

"मीच ती," काकू म्हणाल्या, आणि प्रथमच त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथे राहिली. "वाटलं होतं, सगळ्या झाल्या की शेवटी माझी देईन तुला. देणार होते गो. मग न्हाव्याकडची बघितली. कसले ते डोळे केलेस मेले! घाबरलेले, बटबटीत. माझा माणूस मी तसा कधी बघितला नाय." त्यांनी पानावरून बोट फिरवलं, चित्राला न लावता. "हा बघ. दुपारी जेवून आडवे व्हायचे, तेव्हा अस्सेच. तोंड जरा उघडं. दुसऱ्या कोणी कधी बघितलं नसेल ते तू बरोबर काढलंस. मला ते पुसायला द्यायला होईना. उद्या देऊ, उद्या देऊ, म्हणता मिरजेची गाडी आली."

झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"ते डोळा घालवून आले. मग सांगू कोणाला? त्यांना? तुला? तू वेड्यासारखी पावसात हिंडलीस. ते होते तोवर तोंड उघडलं नाय. आता मीपण जाईन. तू शिकलेली आहेस. खरं सांग मला. मी तेव्हाच दिली असती, तर राहिला असता का गो त्यांचा डोळा?"

मी डॉक्टरांचं सांगू शकले असते. डोळ्याच्या आजाराला चित्राचं काय, असं म्हणू शकले असते. पण मग देवळातली पाकळी खोटी ठरली असती, आणि काकू माझं नाही, पाकळीचं ऐकणार होत्या. मी जन्मभर दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्यांना चेहरे दिले. परवा पहिल्यांदा बातमीच रचली.

"काकू, बारा नव्हत्या. तेरा होत्या."

"काय?"

"दामूअण्णा विसरले होते. मागाहून मला भेटून म्हणाले. तेरावी चिपळूणच्या एका माणसानं नेली. तुमची मिळाली असती तरी ती राहिलीच असती. सगळ्या उघडल्या जाणारच नव्हत्या."

"चिपळूणचा? कोण माणूस?"

"टकला होता. चष्मा. एका हातात फणस."

"फणस घेऊन चिपळूणला?" काकूंचे डोळे बारीक झाले. "तिकडे काय फणस पिकत नाय?"

"सासुरवाडीनं दिलेला होता, काकू. नाही कसं म्हणणार?"

त्यांनी विचार केला. ते पटलं त्यांना. "मग बोलली नाहीस कधी?"

"भीती वाटली," मी म्हटलं. एवढं मात्र खरं होतं.

"चिपळुणात कुठे राहायचा?"

"बाजारपेठेत. नदीच्या अंगाला."

मग त्यांनी तो अंक उचलला, हळूच पिशवीत घातला, आणि पिशवी छातीशी धरली.

"नदीच्या अंगाला म्हणजे पुरात गेली असेल ती," म्हणाल्या.

"गेली असेल."

"गेलीच असणार. तिकडे माणसांचं सामान राहत नाय, अंक कुठला राहतोय?" त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की झोपाळा हलला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि लहान मुलाला समजावावं तशा म्हणाल्या, "पुरात गेलेल्या वस्तूला तू तरी काय करणार होतीस, बाय? तुझा काय दोष नाय गो त्यात."